चार तारा, पाच सूर

गणेशोत्सवातला ऑर्केस्ट्रा आठवून पाहा. पुढे गायक-गायिका, कडेला कीबोर्ड, मागे ड्रम आणि ऑक्टोपॅड, आणि त्यांच्याही मागे, दिव्यांचा झोत जेमतेम पोहोचतो तिथे, बेस गिटारवाला. तीन तास तो मान डोलवत एकेक जाड सूर वाजवत असतो. मग निवेदक वादकांची ओळख करून द्यायला लागतो. बाकीची वाद्यं थांबतात, ड्रम तेवढा चालू राहतो आणि याच्या वाट्याला वीसेक सेकंद येतात. समोर कागद नसतो, त्या तुकड्याची तालीमही झालेली नसते. तरी बोटं धावतात, सूर जुळतात, शेवटचा सूर ड्रमच्या ठोक्यावर नेमका पडतो. नंतर विचारलं तर उत्तर ठरलेलं : ‘काही नाही, सुचलं ते वाजवलं.’

आता याच वादकाला अमुक कॉर्डमध्ये कोणते सूर असतात किंवा डोरियन मोड म्हणजे काय, असं विचारावं. पुष्कळदा तो नुसता हसतो. स्केल, कॉर्ड आणि त्यांची आपसातली नाती सांगणारं पाश्चात्त्य संगीतशास्त्र, ज्याला सगळे ‘थिअरी’ म्हणतात, ते तो कधी शिकलेलाच नसतो. मग हे सुचतं कुठून? आणि काल-परवा बेस हातात घेतलेल्या मुलाला ते जमू शकतं का?

जमतं. कारण या कामाचा बराचसा भार वाद्याची रचनाच उचलते. उरलेला कान आणि लय वाटून घेतात.

आधी रोजचं काम

बेस गिटार हे तसं तरुण वाद्य. त्याच्या आधी माणसापेक्षा उंच असा डबल बेस होता. त्याला पडदे नसल्यामुळे सूर नेमका कुठे आहे, हे बोटाला शोधावं लागे. कॅलिफोर्नियातल्या लिओ फेंडरने १९५१ मध्ये गळ्यात अडकवता येणारा विजेचा बेस बाजारात आणला. त्याला फ्रेट, म्हणजे धातूचे पडदे होते. नाव ठेवलं ‘प्रिसिजन बेस’. पडद्याच्या अलीकडे बोट दाबलं की सूर बरोबर लागणार, ही त्या नावातली हमी. नवशिक्याची निम्मी धास्ती तिथेच संपली.

या बेसला चार तारा. जाड तारेकडून मोजायचं तर ई, ए, डी आणि जी. ई तार मोकळी छेडली की सेकंदाला सुमारे ४१ कंपनं होतात. मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरला इतका खालचा सूर पेलत नाही. तरी गाण्यातला बेस आपल्याला कळतो, कारण त्या सुराबरोबर त्याच्या दुपटीचे, तिपटीचे उपस्वरही वाजतात आणि त्यांच्यावरून मेंदू मूळ सूर ताडतो.

बेसिस्टचं रोजचं काम साधं दिसतं : कॉर्डचा मूळ सूर, ड्रमच्या किकबरोबर, पहिल्या मात्रेवर. पण ज्याला हा सूर झोपेतही सापडतो, त्याला सोलो सुरू कुठून करायचा आणि हरवलं तर परत कुठे यायचं, हे आपोआप कळतं. डेट्रॉइटच्या मोटाऊन कंपनीच्या असंख्य गाण्यांत बेस वाजवणारा जेम्स जेमर्सन उजव्या हाताचं एकच बोट वापरायचा. तर्जनी. तिला ‘हुक’ असं टोपणनावच पडलं होतं. मार्व्हिन गे याचं १९७१चं ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ ऐकलं तर त्या एका बोटाची हालचाल सतत बदलत राहिलेली ऐकू येते. गाण्याला आधार देता देताच त्याची उपज चाललेली आहे. सोलो हा त्या रोजच्या कामाचाच वाढवलेला भाग, हे लक्षात आलं की भीती पुष्कळ कमी होते.

एकच नमुना, कुठेही ठेवा

शेजारच्या दोन फ्रेटमधलं अंतर म्हणजे अर्धा स्वर, पेटीवर लागून असलेल्या दोन पट्ट्यांमध्ये असतं तेवढं. बेसची प्रत्येक तार तिच्या शेजारच्या जाड तारेपेक्षा बरोबर पाच अर्ध्या स्वरांनी वर असते. सहा तारांच्या गिटारमध्ये एका जोडीपुरतं हे अंतर चारवर येतं आणि बोटांच्या जागा बदलतात. बेसवर ती भानगड नाही.

याचा फायदा मोठा आहे. कुठल्याही सुराला ‘सा’ म्हणा. त्याचा मध्यम शेजारच्या बारीक तारेवर, त्याच फ्रेटवर सापडतो. पंचम त्याच तारेवर दोन फ्रेट पुढे. वरचा सा हवा असेल तर एक तार सोडायची आणि दोन फ्रेट पुढे जायचं. तिसऱ्या फ्रेटवरून सुरुवात केली तरी हेच, नवव्यावरून केली तरी हेच. पेटीवर पांढरी एकमध्ये बसवलेलं गाणं काळी दोनमध्ये घ्यायचं तर बोटांची सगळी मांडणी नव्याने बसवावी लागते. बेसवर हात फक्त सरकवायचा. शिंपी एकच कागदी नमुना हव्या त्या कापडावर ठेवून बेततो, तसा बोटांचा एक आकार पाठ केला की तो कुठल्याही पट्टीत चालतो. थिअरीच्या पुस्तकात जे बारा वेगवेगळ्या स्केलच्या तक्त्यांत लिहिलेलं असतं, ते इथे एका आकारात मावतं.

चौकट : पहिल्या दिवसाचा आकार

आकडे फ्रेटचे, क्रम जाड तारेकडून बारीक तारेकडे.

ई तार : ५ आणि ८
ए तार : ५ आणि ७
डी तार : ५ आणि ७
जी तार : ५ आणि ७

तर्जनी पाचव्या फ्रेटवर, अनामिका सातव्यावर, करंगळी आठव्यावर. सुरांची नावं ए, सी, डी, ई, जी. पुढे तेच पुन्हा. सा (ए) दोन ठिकाणी : ई तारेचा पाचवा फ्रेट आणि डी तारेचा सातवा. सोबतीला मोबाइलवर तानपुरा, पट्टी पांढरी सहा.

हे पाच सूर खटकत का नाहीत?

चौकटीतल्या आकाराला गिटारवाले मायनर पेंटाटॉनिक म्हणतात. मराठी कानाला तो अनोळखी नाही. सा, कोमल गंधार, मध्यम, पंचम, कोमल निषाद हे धानी रागाचे सूर. नवशिक्याने तानपुरा लावून या आकारात कुठूनही कुठेही उड्या मारल्या तरी सहसा काही बिघडत नाही. असं का?

दोन सूर एकमेकांच्या फार जवळ असले की त्यांची कंपनं एकमेकांत गुंतून आवाज थरथरतो. डी तारेच्या सातव्या फ्रेटवरचा ए म्हणजे ११० कंपनं आणि आठव्या फ्रेटवरचा सूर म्हणजे साधारण ११६.५. हे दोन एकत्र वाजले की सेकंदाला सहा-साडेसहा वेळा आवाज फुगतो आणि ओसरतो. कानाला तेच खटकतं. पाच सुरांच्या या मांडणीत शेजारच्या कुठल्याही दोन सुरांत अर्ध्या स्वराचं अंतर नाही. कुठे दोन फ्रेट, कुठे तीन. सर्वांत टोचणारी जोडीच गाळलेली असल्यामुळे टोचण्याची शक्यताही खाली येते.

आणखी एक गंमत याच आकारात दडलेली आहे. बोटं तिथेच ठेवायची, फक्त तानपुऱ्याची पट्टी बदलायची. तानपुरा पांढरी एकवर आणला आणि सुरुवात ई तारेच्या आठव्या फ्रेटपासून केली की तेच पाच सूर भूप होतात. पांढरी पाचला सा मानलं तर दुर्गा. पांढरी तीनला सा मानून तानपुऱ्यात पंचमाऐवजी मध्यम घेतला तर मालकंस. आपल्या शास्त्रात याला मूर्च्छना म्हणतात. राग म्हणजे नुसते सूर नव्हेत, चलन आणि न्यास यांच्याशिवाय तो उभा राहत नाही, हे जाणकार लगेच सांगतील आणि ते खरंच आहे. पण नवशिक्याला इथे एक मोठा धडा फुकटात मिळतो : सुराचा अर्थ त्याच्या खाली काय वाजतंय त्यावर ठरतो. तो खालचा सूर तर एरवी बेसिस्टच वाजवत असतो.

चूक झालीच तर

आकाराबाहेर सात सूर उरतात. त्यांतला कुठलाही घ्या, आपल्या पाचांपैकी एखादा सूर त्याच्यापासून एकाच फ्रेटवर सापडतो. म्हणजे चुकीच्या सुरावर बोट पडलं तर बरोबर सूर डावीकडे नाहीतर उजवीकडे, अगदी लागून असतो. अमेरिकन बेसिस्ट व्हिक्टर वूटन ही गोष्ट आपल्या कार्यशाळांमधून वाजवून दाखवतो. चूक झाली की थांबायचं नाही, एक फ्रेट सरकायचं. ऐकणाऱ्याला ती चूक न वाटता मुद्दाम घेतलेला कण वाटतो.

ब्लूजमध्ये तर ही टोचणीच चवीची असते. ए कॉर्डमध्ये सी शार्प असतो आणि आपल्या आकारात साधा सी. दोघांत अर्ध्या स्वराचं अंतर, म्हणजे वरच्या नियमाने खटकायला हवं. खटकतंही, पण ब्लूजचा रंग त्या घासण्यातूनच येतो.

एका सुराचा सोलो

इथवर सगळं सुरांबद्दल झालं. नवशिके अडतात ते मात्र बहुतेक वेळा लयीत. आकार पाठ झाला की मुलं तो वर-खाली पळवत सुटतात आणि सोलोऐवजी सरावाचा पलटा ऐकू येतो. वूटन ‘द म्यूझिक लेसन’ या पुस्तकात संगीताचे दहा घटक मोजतो. सूर हा त्यांतला फक्त एक. लय, जोरकसपणा, नाद, रिकामी जागा, ऐकणं हे बाकीच्यांत येतात. शिकवण्या मात्र बहुतेक त्या एकाच घटकाभोवती फिरतात, ही या शिक्षणातली जुनी खोड आहे.

म्हणून पहिला सोलो एकाच सुराचा असावा. ई तारेचा पाचवा फ्रेट, बस. चार मात्रांचा एक बार धरून त्यात दोन ठोके वाजवायचे, पुढच्या बारमध्ये गप्प राहायचं. मग तेच दोन ठोके अर्धी मात्रा उशिरा. मग एक ठोका जोरात, दुसरा हळू. मग पहिला लांबवायचा आणि दुसरा डाव्या हाताने लगेच दाबून तोडायचा. सूर एकच, पण वाक्यं चार झाली. यात मजा यायला लागली की दुसरा सूर घ्यायचा. त्याआधी नाही.

मौन राखणं सर्वांत अवघड. माइल्स डेव्हिसच्या १९५९च्या ‘काइंड ऑफ ब्लू’मधलं ‘सो व्हॉट’ त्यासाठी ऐकावं. त्यात मुख्य धून पॉल चेंबर्सचा बेस वाजवतो. त्याची एक ओळ झाली की बाकीचे दोन कॉर्डमध्ये उत्तर देतात, बेस थांबतो, मग पुढची ओळ. द हू या ब्रिटिश बँडच्या १९६५च्या ‘माय जनरेशन’मध्येही जॉन एंटविसलला मधोमध अशाच तुटक जागा मिळतात आणि तो त्या भरतो. प्रश्न आणि उत्तर अशी ही बांधणी. एकट्याने सराव करताना प्रश्नही स्वतःच विचारायचा : एक बार वाजवायचं, एक बार मनात उत्तर ऐकायचं.

शेवट कसा करायचा, हा नवशिक्याचा कायमचा पेच. त्यावर तबलजींकडे तयार तोडगा आहे. एक तुकडा तीनदा वाजवायचा आणि तिसऱ्याचा शेवटचा ठोका समेवर टाकायचा, ती तिहाई. ती बेसवर जशीच्या तशी उतरते. पाच मात्रांचा तुकडा घ्या : ए, सी, ए, सी, डी. मात्रेला एक सूर. मग एक मात्रा रिकामी. असं तीनदा. पाच, एक, पाच, एक, पाच मिळून सतरा मात्रा होतात. पहिल्या मात्रेवर सुरुवात केली की शेवटचा डी बरोबर सतराव्या मात्रेवर, म्हणजे पाचव्या बारच्या पहिल्या ठोक्यावर पडतो. आता बारा बारांच्या साध्या ब्लूजची रचना पाहा : चार बार ए, दोन डी, दोन ए, मग एक ई, एक डी आणि शेवटी दोन ए. पाचव्या बारला कॉर्ड बदलून डी होतो आणि त्याच ठोक्यावर आपली तिहाई डीवर उतरलेली असते. हे गणित ऐकणाऱ्याला कळत नाही, पण मान बरोबर तिथेच हलते.

आधी तोंडाने

बोटांना सवय लागते आणि मग ती त्याच त्या जागांवर फिरतात. त्यातून सुटायचा सर्वांत जुना उपाय म्हणजे गाणं. अमेरिकेतला स्लॅम स्टुअर्ट डबल बेसवर गज फिरवताना तोच सोलो वरच्या सप्तकात गुणगुणायचा. ती त्याची ओळखच बनली. गळ्यातून गाण्यात एक अडचण आहे, आणि तीच फायद्याची ठरते : श्वास संपतो. त्यामुळे वाक्य आपोआप बेताचं होतं, मध्ये विराम येतो. बोटांना श्वास लागत नाही, म्हणून ती थांबत नाहीत.

तेव्हा छोटी ओळ आधी गुणगुणायची, मग ती तारांवर शोधायची. सुरुवातीला प्रत्येक सुरासाठी चाचपडावं लागतं. तरीही या चाचपडण्यातच ऐकलेला सूर आणि बोटाची जागा यांची जोडी जुळत जाते. स्वतःची ओळ सुचत नसेल तर लहानपणापासून कानावर असलेली आरती घ्यावी. चाल पक्की माहीत असल्यामुळे चुकलं तर कान लगेच सांगतो.

उसनं घेण्यात कमीपणा मानू नये. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीला नोटेशन वाचता येत नाही. त्याने ते स्वतःच सांगितलं आहे. ऐकून उचलणं हीच त्याची शाळा. आवडत्या गाण्यातल्या बेसचे दोन बार निवडावेत, मोबाइलवर वेग निम्मा करावा आणि ते हुबेहूब वाजेपर्यंत सोडू नयेत. मग त्यातला एकच सूर बदलावा. उपज म्हणतात ती बहुधा इथून सुरू होते.

जाड सुरांची अडचण

बेसचा सोलो गिटारसारखा वाजवला की तो गढूळ का होतो, हे कळायला कानाचा स्वभाव माहीत असावा. मोकळी ई तार ४१ कंपनांची, ए तार ५५ची. त्या पट्ट्यात जवळचे दोन सूर एकत्र वाजले तर कानाला ते वेगळे काढता येत नाहीत. तेच सूर दोन सप्तकं वर स्वच्छ वेगळे ऐकू येतात. शिवाय खालचे सूर कानाला मुळातच कमी ऐकू येतात. बेल लॅब्जच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच ते मोजून दाखवलं होतं.

म्हणून सोलोत बेसिस्ट वर सरकतो. बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर असतो आणि तिथे तोच सूर एक सप्तक वर मिळतो. चौकटीतला आकार पाचव्याऐवजी सतराव्या फ्रेटवर ठेवला की तेच पाच सूर उजळ होतात. खाली वाजवायचं असेल तर सूर तोडून, सुटे वाजवावेत आणि न वाजणाऱ्या तारा बोटांनी दाबून ठेवाव्यात. नवशिक्यांचे अर्धे सोलो चुकीच्या सुरांनी नव्हे, तर मोकळ्या राहून गुणगुणणाऱ्या तारांनी बिघडतात.

बेसला पुढे यायला वेळ लागला, त्यात या अडचणीचाही वाटा आहे. ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदात १९३९ मध्ये जिमी ब्लँटन आला आणि त्याने डबल बेसवर नुसता ठेका न धरता चक्क गायनासारख्या ओळी वाजवल्या. क्षयाने १९४२ मध्ये तो गेला तेव्हा तेवीस वर्षांचा होता. जाको पास्टोरियसने १९७६च्या आपल्या पहिल्या अल्बमची सुरुवात नुसत्या बेस आणि काँगाने केली, तीही ‘डॉना ली’सारख्या अतिवेगवान जॅझ धुनेने. तोवर असं काही विजेच्या बेसवर वाजू शकतं, हेच अनेकांना ठाऊक नव्हतं.

जिथे कान अपुरा पडतो

थिअरीची गरजच नाही, असं मात्र कोणी सांगू लागलं तर विश्वास ठेवू नये. एकच कॉर्ड बराच वेळ चालणारी गाणी, ब्लूज, बरीचशी रॉक आणि फिल्मी गाणी इथे पाच सूर आणि चांगला कान पुष्कळ लांब नेतात. ‘सो व्हॉट’मध्येच पाहा : सोळा बार एक स्केल, मग आठ बार तेच सगळं अर्धा स्वर वर, मग आठ बार परत खाली. इथे हात एक फ्रेट सरकवला की झालं. पण जॉन कोल्ट्रेनच्या ‘जायंट स्टेप्स’सारख्या रचनेत बऱ्याच ठिकाणी दर दोन मात्रांना कॉर्ड बदलतो आणि पट्टीही सतत बदलत राहते. तिथे ऐकून ठरवेपर्यंत पुढचा कॉर्ड येऊन गेलेला असतो. कोणता कॉर्ड येणार आणि त्यात काय चालेल, हे आधीच माहीत असावं लागतं. ते काम थिअरीचं. फक्त ती आधी नको. जो सूर शंभरदा वाजवून झाला आहे त्याचं नाव नंतर शिकलं तर ते चटकन बसतं. उलट्या क्रमाने शिकणारी बरीच मुलं तक्ते पाठ करतात आणि महिन्याभरात वाद्य माळ्यावर टाकतात.

बेस नाही म्हणून थांबायचंही कारण नाही. घरात साधी सहा तारांची गिटार असेल तर तिच्या जाड चार तारा ई, ए, डी, जी अशाच लावलेल्या असतात, फक्त बेसच्या एक सप्तक वर. चौकटीतला आकार तिच्यावर एकाही फ्रेटचा बदल न करता वाजतो.